बर्फ उतरवण्याच्या आदल्या दिवशी

१

दार उघडलं तशा पोलिसांच्या तोंडातून वाफा निघाल्या, आणि हवालदारानं घातलेली पहिली शिवी त्या वाफेतूनच बाहेर आली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि आत, कोल्ड स्टोरेजच्या त्या गार खोलीत, मटार, मासळी आणि मरणाची थंडी. अशा ठिकाणी कुणी आपणहून झडती घ्यायला जात नाही. पण आदल्या संध्याकाळी ठाण्यावर निनावी फोन आला होता. गार खोलीत मागच्या भिंतीजवळ, शेवटच्या रॅकच्या खाली बघा. किल्ली म्हाताऱ्याकडे असते.

हवालदार पोटावर आडवा झाला. रॅकच्या तळाला बर्फाची जाड साय धरली होती. हातोडीनं ठोकून ठोकून त्यानं ती पाडली, तेव्हा आतून काळ्या प्लास्टिकचं एक पुडकं दिसलं. रुंद तपकिरी चिकटपट्टीनं ते रॅकच्या तळाला चिकटवलेलं होतं. ओढून काढलं, उघडलं, तर आत चरस. आणि तीही थोडीथोडकी नाही. कायदा ज्याला व्यापारी प्रमाण म्हणतो, त्याच्याही वर काटा गेला.

"किल्ली कुणाकडे?" साहेबांनी विचारलं.

दारात स्वेटरकाका उभे होते. भर उन्हाळ्यातही अंगात दोन स्वेटर घालून वावरणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? त्यांचं खरं नाव पगार देणाऱ्यांनाही आठवून सांगावं लागे. किल्ली त्यांच्या गळ्यात, दोरीला बांधलेली. एकच किल्ली, दुसरी कधीच हरवलेली. झालं. किल्ली तुझी, खोली तुझी, म्हणजे मालही तुझाच.

काका बिचारे एवढंच म्हणाले, "घरी बायको एकटी आहे हो."

पोलिसांनी काकांना गाडीत बसवलं.

२

जामिनाचा पहिला अर्ज एका तरुण वकिलानं केला. आरोपी म्हातारा आहे, गरीब आहे, पूर्वी कधी गुन्हा नाही, वगैरे. न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. साधा गुन्हा असता तर वयाकडे बघून सोडता आलं असतं. पण मालाचं प्रमाण व्यापारी असलं की कायदा उलटा उभा राहतो. या माणसानं गुन्हा केलेला नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी आधी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते, मगच जामीन. म्हणजे खटला उभा राहायच्या आधीच अर्धाअधिक जिंकून दाखवायचा. तरुण वकिलानं हात टेकले आणि प्रकरण सरकारी मदतीच्या यादीतून वकीलबाईंकडे आलं.

वकीलबाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. आई होती तोवर घरात भांडायला तरी कुणी होतं. आई गेली आणि घर इतकं शांत झालं, की पंखा कुरकुरतो याचंच त्यांना बरं वाटायचं. कोर्टात मात्र नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांचे सहकारी त्यांना मागून तिखट म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

तुरुंगात जाळीपलीकडे काका बसले होते. स्वेटर नव्हता, त्यामुळे ते निम्मेच दिसत होते.

"काका, खरं सांगा. ते पुडकं तुम्ही ठेवलंत?"

"नाही."

"कुणी ठेवलं माहीत आहे?"

"नाही हो बाई. त्या रॅकखाली मी कधी वाकलोच नाही. तिथं वाकायला माझी कंबर कुठाय?"

"आत आणखी कोण जातं?"

"हमाल जातात, माल काढतात. पण एकट्यानं कुणी आत जायचं नाही, हा नियम आहे. आतून माणूस गारठून पडला तर बाहेर कळणार कसं? कुणीही गेलं की मी दारात उभा. मामा पण एकदा आले होते. मालकीणबाईंचे भाऊ. चपला घालून आले, थेट मागं गेले, खाली वाकून काहीतरी बघितलं आणि दात वाजवत परत आले. म्हणाले, नव्या रॅकना गंज चढला का बघत होतो." काका पहिल्यांदाच जरासे हसले. "चपला घालून गार खोलीत! एवढा मोठा माणूस, पण थंडीतलं काही म्हणजे काही कळत नाही."

मग ते हसू मावळलं आणि त्यांनी जाळीला बोटं लावली.

"बाई, माझं काय व्हायचं ते होवो. पण तिचं डोकं विसरायला लागलंय. आधी शेजारी विसरली, मग स्वतःचा भाऊ विसरली. आता तिला फक्त मी ओळखू येतो. रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून टिकलोय. इथं आणलं होतं शेजारणीनं एकदा, तर फाटक बघूनच रडायला लागली, आत आलीच नाही. खटला कधी चालायचा तेव्हा चालू दे. मी तिच्या डोक्यातून जायच्या आत मला घरी न्या."

वकीलबाईंना आजवर अशिलांनी सुटका मागितली होती, दयाही मागितली होती. असली मुदत कुणी घालून दिली नव्हती. त्यांनी फाईल बंद केली, पण उठायला त्यांना थोडा वेळ लागला.

३

कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात मालकीणबाई टेबलामागे बसल्या होत्या. नवरा गेल्यावर एकट्या बाईनं धंदा सांभाळला होता, मुलं दूरदेशी, फोनवर भेटणारी. त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. मुलांचा मामा, म्हणून हळूहळू अख्ख्या गोदामाचाच मामा झालेला. घोटून दाढी केलेला, सगळ्यांशी गोड बोलणारा.

"म्हाताऱ्याबद्दल मला वाईट वाटतं," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा माणूस. पण किल्ली त्याच्याच गळ्यात, मी काय बोलू?"

"कायम त्यांच्याच गळ्यात? रजेवर गेले तरी?"

"रजा कसली घेतोय तो! गेल्या वर्षी एकदा घेतली होती, बायको पडली होती तेव्हा. हात मोडला होता तिचा."

"तेव्हा किल्ली?"

मालकीणबाईंनी भावाकडे बघितलं. मामा हसला. "माझ्याकडे होती. त्यात काय विशेष? बाई, तुम्ही उगाच त्या खोलीचं भूत करताय. सरळ मामला आहे. म्हाताऱ्यानं विचार केला, लपवायला याहून चांगली जागा नाही. आत ठेवलेली वस्तू वर्षानं काढा, ठेवली तशीच मिळते. तिथं काही हलत नाही, काही बदलत नाही. त्याला नोकरी तरी कसली? बंद खोलीची राखण. माझ्यासारख्याला कंटाळ्यानं वेड लागेल."

"मामा, तुम्ही आत जाता कधी?"

"मी? छे! मला थंडी बाधते. आयुष्यात पाय ठेवला नाही आत."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. काका म्हणत होते मामा आत आले होते, आणि मामा म्हणतोय पाय ठेवला नाही. दोघांतला एक खोटं बोलत होता. पण खोटं बोलण्याला माणसाकडे शंभर कारणं असतात, त्यातली नव्याण्णव फालतू. एवढ्यावर कोर्ट विचारणारसुद्धा नाही.

मागच्या बाजूला यंत्राशेजारी मिस्त्री तेलकट हातांनी काहीतरी आवळत होता. यंत्राची घरघर इतकी, की त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागलं.

"मी काय सांगणार? माझं काम यंत्राचं!" तो ओरडला. "वर्षातून एकदा खोली बंद करून बर्फ उतरवतो, तेव्हाच मी आत असतो. सगळा माल दुसऱ्या खोलीत हलवायचा, यंत्र बंद, दार सताड उघडं. सगळं वितळलं की पुसून कोरडं करायचं, मग परत चालू. गेल्या वर्षी त्याच वेळी जुने रॅक काढून नवे बसवले. ह्या वर्षीचं राहिलंय. झडती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीच करणार होतो."

"दुसऱ्या दिवशी?"

"हो ना! खरं तर पावसाळ्यानंतर करतो. पण बर्फ जास्त धरायला लागला, यंत्र दमायला लागलं. म्हणून सकाळी मालकीणबाईंना गाठून सांगितलं, परवाच उतरवू. आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी पोलिसांना फोन केला म्हणे. आता खोलीला सील. यंत्र बोंबलतंय आणि मी पण."

वकीलबाई तिथंच थांबल्या. इतके महिने कुणाला त्या पुडक्याची आठवण झाली नाही, आणि बर्फ उतरवायचं ठरलं त्याच संध्याकाळी बरी झाली!

४

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे वकीलबाईंना कुणी शिकवायला नको होतं. सरकारी वकील काय म्हणणार ते त्यांना तोंडपाठ होतं. किल्लीवाला मधल्या कुठल्याही दिवशी आत जाऊन पुडकं चिकटवू शकत होता. वर्षाचे सगळे दिवस त्याचेच होते.

रविवार होता. दर रविवारी दुपारी त्यांच्या बहिणीचा फोन येई, आणि दर रविवारी बहीण तेच बोले. "अगं, एकटीपुरतं रोज काय शिजवतेस? एकदाच कर आणि डबे भरून बर्फाच्या कप्प्यात ठेव. वर तारीख लिही, नाहीतर तू महिन्यापूर्वीचं खाशील." फोन ठेवल्यावर घरात पुन्हा तो पंखा तेवढा उरला. करायला काही नव्हतं, म्हणून वकीलबाईंनी बहिणीचं ऐकायचं ठरवलं.

त्यांचा फ्रीज जुना. वरच्या कप्प्यात बर्फ असा माजला होता की जेमतेम दोन डबे मावत. भाजीचा एक डबा गेल्या आठवड्यापासून आतच होता. त्यांनी तो तिथंच ठेवून वर तारखेचा कागद चिकटपट्टीनं लावला. कागद पडला. पुन्हा लावला, अंगठ्यानं दाबून धरला. पुन्हा पडला. डब्याचं झाकण हातानं घासून पुसलं, तर पुसता पुसता त्याच्यावर नवी भुरभुर धरली. चिकटपट्टी उलटी करून बघितली तर चिकट बाजूला पांढरी भुकटी, आणि चिकटपणाचा पत्ता नाही.

"चिकट की मेले!" त्या डब्यावर ओरडल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे ओरडायला संकोचही नव्हता.

चिकटपट्टी तशीच हातात धरून त्या टेबलाशी गेल्या आणि पंचनाम्याबरोबर आलेले फोटो बाहेर काढले.

एका फोटोत हवालदारानं पुडकं ओढून काढल्यानंतरचा रॅकचा तळ दिसत होता. चोहीकडे पांढरा बर्फ, आणि मधे, जिथं चिकटपट्टी होती तिथं, स्वच्छ चकचकीत पोलाद. बर्फ चिकटपट्टीच्या वर धरला होता. खाली कणभरही नव्हता.

त्यांनी फ्रीजमधला डबा बाहेर काढला, ओट्यावर ठेवला, निथळू दिला, पुसून कोरडा केला. मग कागद लावला. असा घट्ट बसला की काढताना नख लावावं लागलं.

हे कुणाला तरी सांगावं असं वकीलबाईंना फार वाटलं. बहिणीला परत फोन लावला, पण तिच्याकडे पाहुणे आले होते. म्हणून मग त्यांनी एकटीनंच ते स्वतःला मोठ्यानं सांगितलं, आणि सांगताना दोनदा तपासून घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी त्या मालकीणबाईंच्या घरी गेल्या, मुद्दाम मामा बाहेर असताना. मोठं घर, मोठं जेवणाचं टेबल, आठ खुर्च्या. त्यातल्या दोनच वापरातल्या दिसत होत्या, बाकीच्यांच्या गाद्या नव्याकोऱ्या.

"गार खोलीत चिकटपट्टी चिकटत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला, हे काय विचारणं झालं? आम्ही आत चिठ्ठ्यासुद्धा तारेनं बांधतो. म्हणजे ते पुडकं चिकटवलं गेलं तेव्हा रॅक कोरडा होता, खोली गार नव्हती. असं वर्षातून एकदाच होतं. आणि रॅक गेल्या वर्षीच बसवले, म्हणजे त्याच्या आधीच्या वर्षाचा प्रश्नच नाही. राहिली गेल्या वर्षीची बर्फ उतरवण्याची वेळ. तेव्हा काका कुठे होते?"

"रजेवर," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "दवाखान्यात, बायकोजवळ. मी स्वतः भेटायला गेले होते. खोली परत गार झाल्यावरच तो कामावर आला."

"मग आत कोण होतं?"

"मिस्त्री होता. हमाल होते, पण रॅक बसवून ते गेले. रात्रभर दार उघडं ठेवायचं होतं, म्हणून..." त्या थांबल्या. "मिस्त्रीनंच ठेवलं असेल. त्याला सगळं माहीत आहे."

"त्याला सगळं माहीत आहे, म्हणूनच त्यानं ठेवलेलं नाही. त्या खोलीच्या तळाला बर्फ कसा धरतो हे मिस्त्रीला कळतं, हमालांना कळतं, काकांना तर कळतंच. त्यांच्यातला कुणीही आपला किमती माल अशा जागी चिकटवणार नाही, की महिन्याभरात तो हातोडीशिवाय निघू नये. ही चूक थंडीतलं काही न कळणाऱ्या माणसाची. ज्याला वाटतं, आत ठेवलेली वस्तू वर्षानं काढा, ठेवली तशीच मिळते."

मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ते वाक्य कुणाचं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"तो माल काढायला आला होता. काका दारात उभे राहिले, आणि खाली वाकून बघतो तर सगळा बर्फ! हात हलवत परत गेला. मग त्यानं वाट बघायची ठरवलं. पण पुढच्या वेळी बर्फ उतरेल तेव्हा काका तिथं असणार, पुडकं सगळ्यांसमोर उघडं पडणार, आणि पहिला प्रश्न येणार, गेल्या वेळी इथं कोण होतं? म्हणून बर्फ असेपर्यंतच ते सापडायला हवं होतं. बर्फातून सापडलं की किल्लीवाला अडकतो. आता मला फक्त एक सांगा. परवा बर्फ उतरवायचा, हे मिस्त्रीनं सकाळी तुम्हाला सांगितलं. काकांना तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगणार होता. फोन संध्याकाळी गेला. मधे तुम्ही कुणाला बोललात?"

मालकीणबाईंनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं, त्या दोनांतल्या एका खुर्चीकडे.

"दुपारी जेवताना," त्या म्हणाल्या. "जेवताना मी सगळंच सांगते त्याला. दुसरं कोण आहे मला सांगायला?"

वकीलबाई म्हणजे उलटतपासणीत भल्याभल्यांची भंबेरी उडवणारी बाई, पण आपल्या घरातल्या एकाच ताटाची आठवण येऊन तिनं फाईलीत डोकं घातलं.

"मी काही बोलले नाही तर?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तर माझ्याकडे एक चिकटपट्टी आणि एक फोटो. काका रजेवर होते, रॅक नवे होते, किल्ली कुणाकडे होती, हे शपथेवर सांगणारं मालकाशिवाय कोण? मिस्त्री सांगेल, पण सरकारी वकील त्यालाच संशयित ठरवेल. आणि काका आत राहतील. काकूंचं डोकं काही कोर्टाच्या तारखेसाठी थांबणार नाही."

"लहानपणापासून मी त्याला पाठीशी घातलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "आईच्या मारातून वाचवलंय. तुम्ही आता जा. कृपा करून जा."

वकीलबाई उठल्या. फाटकाजवळ मामा समोरून आत येत होता. त्यानं हसून वाट दिली आणि विचारलं, "काय बाई, लागला का शोध?"

६

सुनावणीला मालकीणबाईंचा पत्ता नव्हता. वकीलबाईंनी तीनदा दाराकडे बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. मिस्त्रीचं शपथपत्र हातात होतं, दवाखान्यातल्या नर्सचं होतं. नाही म्हणायला पायाशी बर्फानं भरलेली एक पेटी होती, आणि पेटीत पोलादाची पट्टी.

सरकारी वकील उठले आणि वकीलबाईंना वाटलं होतं तेच बोलले. किल्ली आरोपीची, ताबा आरोपीचा. "आणि आता चिकटपट्टीवरून जामीन मागताहेत, साहेब! उद्या डिंकावरून मागतील."

"माझ्या विद्वान मित्रांनी स्वतःच चिकटवून बघावं," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेटी उघडली.

"बाई, हे कोर्ट आहे, प्रयोगशाळा नाही," न्यायाधीश म्हणाले. "असल्या गोष्टी खटल्यात, तज्ज्ञाला बोलावून. मी हे बघितलेलं नाही असं समजा." पण बोलता बोलता त्यांनी चष्मा नाकावर घेतला.

सरकारी वकिलांचा हात शिवशिवला. माणसाचा स्वभाव आहे, कुणी जमणार नाही म्हटलं की करून बघावंसं वाटतं. त्यांनी चिकटपट्टी लावली, दाबली, तळहातानं घासली. हात काढला तशी ती सुटून त्यांच्या कोटाच्या बाहीला चिकटली. मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं.

"ठीक आहे, चिकटत नाही," न्यायाधीश म्हणाले. "पण आरोपी दवाखान्यात होता त्याच दिवसांत बर्फ उतरवला, आणि किल्ली त्याच्याकडे नव्हती, हे कोण म्हणतं? यंत्र दुरुस्त करणारा? तो तर स्वतःच आत होता."

वकीलबाई कागद चाळू लागल्या, नुसता वेळ काढायला.

"मी म्हणते."

मागचं दार उघडून मालकीणबाई आत आल्या होत्या. साडी चुरगळलेली, डोळे सुजलेले. हातात शपथपत्र होतं, ते त्यांनी कारकुनाकडे दिलं. त्यांनी सगळं लिहिलं होतं. बर्फ उतरवला ते दिवस, काकांची रजा, नवे रॅक. गार खोलीची किल्ली माझ्या सख्ख्या भावाकडे होती, दार उघडं ठेवलं त्या रात्री राखणीला तो एकटा होता, आणि या वर्षीच्या बर्फ उतरवण्याची गोष्ट मी फक्त त्याला सांगितली, हेही.

"हे लिहिल्यावर काय होईल हे तुम्हाला माहीत आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी काल जेवताना त्याला सरळ विचारलं, साहेब. त्याचा कुणी दोस्त पकडला गेला होता तेव्हा, म्हणून घाईनं लपवलं म्हणाला. आणि मग मलाच म्हणाला, ताई, म्हाताऱ्याचं असं काय अडलंय?" पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या.

सरकारी वकिलांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, बाहीवरची चिकटपट्टी ओढून काढली, आणि तोंड मिटलं. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण दिसतं, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि जामीन मंजूर केला. संध्याकाळी मामाला पोलीस घेऊन गेले. मालकीणबाई म्हणे फाटकापर्यंत त्याच्यासोबत गेल्या, आणि तो एकदाही त्यांच्याशी बोलला नाही.

७

कागदपत्रांत आणखी काही दिवस गेले. सही राहिली, शिक्का राहिला, जामीनदार उशिरा आला. काका बाहेर आले तेव्हा वकीलबाई स्वतः गाडी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. अशिलाला घरी सोडणं हे काही त्यांचं काम नव्हे. पण घरी तरी लवकर जाऊन काय करायचं होतं?

गाडीत काका सारखे केसांवरून हात फिरवत होते. "दाढी करून घेतली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले.

दार शेजारणीनं उघडलं. तिनं काकांना बघितलं आणि तिचे डोळे भरले, पण ती बाजूला झाली नाही. "काका, एक मिनिट," ती दबक्या आवाजात म्हणाली. "गेल्या आठवड्यापासून त्या..."

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

काका आत गेले. खिडकीशी काकू बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावर घेतलेला. त्यांनी मान वर करून काकांकडे बघितलं, अगदी नीट, खालपासून वरपर्यंत. वकीलबाई दारातच थबकल्या.

"या ना, बसा," काकू म्हणाल्या. "उन्हातून आलात वाटतं. आमचे हे घरी नाहीत. कामावर गेलेत. येतीलच एवढ्यात."

काका उभेच राहिले. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि पाहुणा बसतो तसे कडेवर बसले.

"थांबतो," ते म्हणाले. "मला घाई नाही."

"काम काय होतं त्यांच्याकडे?"

"काही नाही. भेटायला आलो होतो."

काकूंनी मान हलवली. भेटायला आलेलं माणूस त्यांना आवडलं असावं. शेजारीण पाणी घेऊन आली आणि भांडं काकांच्या हातात देऊन तशीच आत वळली.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?" काकूंनी विचारलं.

"बायको आहे," काका म्हणाले.

"एकटीच?"

"एकटीच."

काकूंच्या कपाळावर आठी पडली. त्या थोड्या पुढं वाकल्या आणि एखाद्या पोराला दटावावं तशा म्हणाल्या, "मग इथं काय करत बसलात? तुमची कमाल आहे बाई! जा आधी घरी. वाट बघत असेल बिचारी."